अखंड चालणारी तबकडी : एका शोधपद्धतीचा इतिहास

संगणकाच्या पेटीवर एक लहानसा दिवा असतो. आतील चुंबकीय तबकडीवर काही वाचले अथवा लिहिले जात असता तो लागतो आणि ते काम संपताच विझतो. वापरणाऱ्याने कळफलकावरून हात काढून घेतला, उघडलेल्या सर्व फायली मिटल्या, तरीही हा दिवा लुकलुकत राहतो व पेटीतून बारीक खरखर ऐकू येत राहते, असा अनुभव गेल्या चाळीस वर्षांत असंख्य लोकांस आला आहे. कोणी काम सांगितलेले नसता यंत्र नेमके काय करीत आहे, हा प्रश्न वरवर पाहता दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा वाटतो. वस्तुतः संगणकशास्त्रातील काही मूलगामी कल्पना याच प्रश्नाच्या पाठपुराव्यातून पुढे आल्या आहेत. आणि यंत्राला स्वतःच्या हालचालीचा हिशेब द्यावयास लावण्याची जी साधने आज सर्वत्र आढळतात, त्यांच्यामागे सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास मराठीत सलगपणे मांडला गेल्याचे फारसे आढळत नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. व्यवहारात 'हार्ड डिस्क' हाच शब्द रूढ आहे व तो तसा राहण्यास हरकत नाही. तथापि 'तबकडी' हा शब्दही मराठी वाचकास ग्रामोफोनच्या काळापासून परिचित आहे, आणि फिरणाऱ्या वर्तुळाकार पृष्ठभागावर काहीतरी नोंदलेले आहे, हा अर्थ तो अचूक व्यक्त करतो. त्याच्या मुळाशी असलेला 'तबक' हा शब्द अरबी होय. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या कसोटीस तो उतरला नसता. परंतु विड्याचे तबक आणि गाण्याची तबकडी यांना मराठी घरांतून परके कोणी मानले नाही, हेही तितकेच खरे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तबकडीचे फिरणे निराळे आणि तिच्यावरील काम निराळे. यंत्र चालू असेपर्यंत तबकडी बहुधा फिरतच असते. 'अखंड चालू' असे ज्याविषयी म्हटले जाते ते फिरणे नव्हे, तर तिच्यावर पुढेमागे सरकणाऱ्या वाचनदंडाची धावपळ होय. हा भेद न केल्यामुळे पुष्कळसा गोंधळ उत्पन्न होतो.

भारतातील पहिल्या संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. १९५५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आलेले एचईसी-२एम हे यंत्र बसविण्यात आले. त्याची स्मृती म्हणजे एक फिरता चुंबकीय ढोल होता, आणि प्रत्येक आज्ञा व प्रत्येक संख्या त्या ढोलावरच असल्यामुळे ढोलाशी होणारा व्यवहार आणि यंत्राचे काम या दोन गोष्टी एकच होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक याहून पुढच्या पिढीचा. त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. गणित कागदी फितीवरून आत जावयाचे, एका वेळी एकच काम चालावयाचे, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे, अशी ही व्यवस्था होती. यंत्रात जे काही घडे ते कोणाच्या तरी सांगण्यावरून घडे, आणि तो सांगणारा बहुधा त्याच इमारतीत बसलेला असे. मालकाच्या नकळत चालणारे काम ही कल्पनाच त्या काळी असंभवनीय होती.

तबकडी मात्र तोपर्यंत अवतरली होती. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक या यंत्राबरोबर तिची पहिली आवृत्ती जाहीर केली. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखाली ती सिद्ध झाली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांची उभी चळत मिनिटाला १२०० फेरे करी, आणि एवढ्या सगळ्या अवडंबरात ५० लक्ष अक्षरे मावत. चळतीच्या बाजूने वरखाली सरकणारा दंड हवी ती तबकडी गाठून आत शिरे. यास सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. कोकणातील बागाइतदारास यावरून विहिरीवरच्या लाटेची आठवण व्हावी : एकच दांडी, एकच भांडे, आणि प्रत्येक खेपेस पुन्हा खाली उतरणे. तबकडीची क्षमता पुढे लक्षावधी पटींनी वाढली. वेग मात्र त्या मानाने फारच थोडा वाढला, कारण दंड हलविणे व तबकडीची फेरी पूर्ण होण्याची वाट पाहणे ही यांत्रिक कामे आहेत. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या आजच्या तबकडीसही एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या जागी वाचावयाचे असल्यास सेकंदाला शंभराच्या आसपासच खेपा होऊ शकतात. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या एका आकड्यात आहे.

खरी सुरुवात झाली ती मँचेस्टर येथे. टॉम किल्बर्न व त्यांचे सहकारी यांनी तेथे अ‍ॅटलास नावाचा संगणक उभारला आणि ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याची वेगवान गाभा-स्मृती १६ हजार शब्दांची व तिच्यामागील ढोल ९६ हजार शब्दांचा होता. परंतु गणित मांडणाऱ्यास हे दोन थर वेगळे दिसत नसत. सर्व स्मृती ५१२ शब्दांच्या पृष्ठांत विभागलेली असे, आणि हवे असलेले पृष्ठ गाभ्यात नसेल तर यंत्र ते स्वतःच ढोलावरून आणी व जागा करण्यासाठी दुसरे एखादे परत पाठवी. हीच ती आभासी स्मृती. रहाटाची माळ जशी भरलेली गाडगी वर आणते व रिकामी खाली नेते, तसा पृष्ठांचा हा फेरा चाले. सोय मोठी होती यात शंका नाही. मात्र या सोयीबरोबरच यंत्राच्या पोटात असे एक काम सुरू झाले की, जे वापरणाऱ्याने सांगितलेले नव्हते व त्यास दिसतही नव्हते. अखंड हालचालीच्या प्रश्नाचा जन्म येथे आहे.

अनेक कामे एकाच वेळी चालविणारी यंत्रे १९६० नंतरच्या दशकात आली, तेव्हा एक विलक्षण प्रकार आढळून येऊ लागला. कामांची संख्या वाढवीत नेली असता काही मर्यादेपर्यंत यंत्र अधिकाधिक काम उरकी. आणि त्या मर्यादेपलीकडे एक काम वाढविताच संपूर्ण यंत्र जणू गोठून जाई. गणनाचे केंद्र रिकामे बसलेले असे आणि तबकडी किंवा ढोल मात्र अहोरात्र राबत असे. याचे कारण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दोन निबंधांतून उलगडून दाखविले. प्रत्येक कार्यक्रमास कोणत्याही क्षणी काही विशिष्ट पृष्ठांचा संच जवळ लागतो; त्याला त्यांनी 'कार्यसंच' असे अर्थाचे नाव दिले. तो संच स्मृतीत मावेनासा झाला की कार्यक्रम प्रत्येक पावलावर अडतो व पृष्ठ मागवितो. सगळेच अडल्यामुळे गणनाचे केंद्र रिकामे दिसते. ते रिकामे दिसल्यामुळे नियोजन करणारी यंत्रणा आणखी एक काम आत घेते. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याची स्मृती आणखी आक्रसते. रोगावरचा उपाय म्हणून जे केले जात होते, तेच रोग वाढवीत होते. ज्याचा कार्यसंच मावणार नाही त्यास आतच घेऊ नये, हा डेनिंग यांचा उपाय सांगावयास सोपा आहे. पण तो सुचण्यास प्रथम मोजमाप करावे लागले.

या अवस्थेस डेनिंग यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'थ्रॅशिंग' असे म्हटले आहे. हा शब्द भाषाभ्यासकाने थोडा थांबून पाहावा असा आहे. इंग्रजीत धान्य मळणे व मारझोड करणे यांसाठी आज जे दोन शब्द आहेत ते मुळात एकच असून, पायांनी तुडविणे असा त्याचा जुना अर्थ सांगितला जातो. मराठीत या दोन क्रिया दोन धातूंत विभागल्या गेल्या आहेत. 'मळणे' हे तुडविण्याशी संबंधित. हेमचंद्राने 'मृद्' या संस्कृत धातूचा प्राकृत आदेश म्हणून 'मल' दिलाच आहे. घाटावर तिवड्याभोवती बैल फिरवून मळणी होत असे, ती या धातूस शोभणारी. रत्नागिरीकडे भात झोडतात. पेंढी दोन्ही हातांत धरून फळीवर वा दगडावर आपटतात, आणि तीन-चार झोडण्यांत दाणा सुटला की पेंढा बाजूस टाकतात. दाणा सुटून गेल्यावरही तीच पेंढी दिवसभर आपटीत राहावे, असा जो प्रकार, तो संगणकातील 'थ्रॅशिंग'. 'मळणी' या शब्दात फलप्राप्ती गृहीत असल्याने पारिभाषिक संज्ञा म्हणून तो अडचणीचा ठरेल. 'झोडपणूक' अधिक जवळचा वाटतो. काही पाठ्यपुस्तकांच्या धर्तीवर एखादा संस्कृत जोडशब्द बनविता येईल, पण त्यात हा आपटण्याचा आवाज उरणार नाही.

झोडपणुकीचे प्रमाण किती भयंकर असते, याची कल्पना साध्या गणिताने येते. स्मृतीतील एक वाचन १०० नॅनोसेकंदांत होते व तबकडीवरील एक खेप १० मिलिसेकंदांत, असे धरल्यास दोहोंत एक लक्ष पटींचा फरक पडतो. हजार वाचनांपैकी केवळ एकाच वेळी तबकडीकडे जावे लागले, तरी सरासरी वेळ १० हजार नॅनोसेकंदांवर, म्हणजे शंभर पटींवर जातो. हजारांत एक हे प्रमाण कोणासही नगण्य वाटेल. यंत्रास ते प्राणघातक ठरते.

दुसरे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. ५१२ ओळी व ५१२ स्तंभ असलेले एक कोष्टक घ्यावे. फोरट्रान भाषेत कोष्टक स्तंभाच्या क्रमाने साठविले जाते. पृष्ठ ५१२ शब्दांचे असेल तर प्रत्येक स्तंभ एका पृष्ठावर बसतो. बेरीज स्तंभानुसार केल्यास ५१२ पृष्ठे एकेकदा आणावी लागतील. तीच बेरीज ओळीनुसार केली, आणि स्मृतीत ५१२ पृष्ठांना जागा नसून सर्वांत आधी वापरलेले पृष्ठ बाहेर टाकण्याचा नियम असला, तर प्रत्येक संख्येसाठी नवे पृष्ठ आणावे लागून खेपांची संख्या २,६२,१४४ होईल. खेपेस १० मिलिसेकंद धरता पहिल्या रीतीस पाच सेकंद व दुसरीस सुमारे ४४ मिनिटे लागतात. उत्तर दोन्हीकडे सारखेच येते आणि कार्यक्रमातील फरक दोन आज्ञांच्या क्रमापुरता असतो. तबकडी का धावते याचे उत्तर तबकडीत नसून कित्येकदा लिहिणाऱ्याच्या वाक्यरचनेत असते, हे यावरून ध्यानात यावे.

पुढील टप्पा घरगुती यंत्रांचा. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने, म्हणजे नंतरच्या सीगेटने, सव्वापाच इंची व पाच मेगाबाइटची तबकडी बाजारात आणली. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये दहा मेगाबाइटची तबकडी होती. यंत्र टेबलावर आले आणि आवाज व दिवा ही दोन लक्षणे वापरणाऱ्याच्या कानाडोळ्यांसमोर आली. निदानाचे साधन मात्र त्याच्या हाती नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे एकच यंत्र दहा-दहा वर्षे राबविले जाते, तेथे जुन्या यंत्रावर नवी प्रणाली चढविण्याचा प्रसंग वारंवार येतो. विंडोज एक्सपीसाठी १२८ मेगाबाइट स्मृतीची शिफारस होती. २००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टाच्या पूर्ण स्वरूपासाठी ती एक गिगाबाइट झाली. म्हणजे आठ पट. जुन्याच पेटीत हे नवे ओझे घातले की डेनिंग यांनी वर्णिलेला प्रकार पुन्हा अवतरे, फक्त मँचेस्टरच्या दालनाऐवजी एखाद्या कचेरीच्या कोपऱ्यात.

तथापि प्रत्येक लुकलुकण्याचे कारण झोडपणूक नव्हे, आणि येथून शोधाची खरी कठीण बाजू सुरू होते. युनिक्स प्रणालीत स्मृतीतील बदल दर ३० सेकंदांनी तबकडीवर उतरविणारा एक लहान सेवक असे. लिनक्समधील काही फायलव्यवस्था आपली रोजनिशी दर पाच सेकंदांनी लिहितात. त्याहून चमत्कारिक म्हणजे युनिक्सच्या परंपरेनुसार एखादी फाइल नुसती वाचली तरी 'शेवटी केव्हा वाचली' ही वेळ तबकडीवर लिहिली जात असे. वाचण्याने लिहिणे घडावे, हा नियम लिनक्समध्ये २००९ मध्ये मूळ मांडणीतच सौम्य करण्यात आला. दोष कोणाचाच नव्हता. काहीएक सद्हेतूने केलेली प्रत्येक तरतूद दिव्यास थोडी थोडी चेतवीत होती.

कोण लिहितो हे विचारण्याची सोय लिनक्समध्ये आधी होती ती अशी की, प्रत्येक लेखनाची नोंद प्रणालीच्या दप्तरात व्हावी. परंतु ते दप्तरही तबकडीवरच असल्यामुळे नोंद होताच नवे लेखन घडे, त्याची पुन्हा नोंद होई, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तीच हालचाल शोधामुळे वाढे. म्हणून ही सोय वापरण्यापूर्वी दप्तरलेखन बंद करावे, अशी सूचना तिच्याबरोबरच दिलेली असे. बोलीचे नमुने गोळा करणाऱ्यास ही अडचण अपरिचित नाही. ध्वनिमुद्रक पुढे ठेवताच माणूस आपली बोली सोडून पुस्तकी बोलू लागतो. फेब्रुवारी २००७ मधील लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक प्रक्रियेच्या वाचन-लेखनाचा हिशेब स्मृतीतच ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि त्यावर आधारलेल्या आयओटॉप या साधनाने कोणती प्रक्रिया किती ओढते हे पडद्यावर दाखविले.

विंडोजच्या बाजूस हे काम मार्क रसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी केले. त्यांच्या फाइलमॉन या साधनात कोणता कार्यक्रम कोणत्या फायलीस केव्हा हात लावतो, हे ओळीओळीने दिसे. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याचेच विस्तारित रूप प्रोसेस मॉनिटर या नावाने आले. सन कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो व अ‍ॅडम लेव्हेंथाल यांचे डीट्रेस हे साधन २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर सर्वांस उपलब्ध झाले व चालू यंत्रास न थांबविता वाटेल तो प्रश्न विचारण्याची मुभा त्याने दिली. या साधनांची सूक्ष्मता किती, याचे एक गमतीचे उदाहरण २००८ च्या अखेरीचे आहे. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने तबकड्यांच्या मांडणीसमोर तोंड नेऊन मोठ्याने आरोळी ठोकली आणि तबकड्यांच्या प्रतिसादास लागणारा वेळ आलेखावर तत्क्षणी उसळलेला दिसला. आवाजाच्या कंपनाने दंड मार्गावरून ढळत होते. चाळीस वर्षांपूर्वी ज्या यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे कळत नव्हते, त्यास आता माणसाचे ओरडणेही लपविता येत नव्हते.

आकडा दिसू लागला म्हणजे अर्थ कळलाच असे नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून तबकडीचा 'टक्का' सर्वसामान्य वापरणाऱ्यास सहज दिसू लागला व '१०० टक्के' ही नवी भीती उत्पन्न झाली. हा टक्का वाहून नेलेल्या मजकुराचा नव्हे. निदान एक तरी मागणी प्रलंबित होती अशा वेळाचा तो आहे. त्यामुळे तबकडी सेकंदाला शंभर मेगाबाइट देत असली तरी १०० टक्के, आणि विखुरलेल्या लहान वाचनांमुळे जेमतेम एक मेगाबाइट देत असली तरी १०० टक्केच. विंडोज १० मध्ये तर काही तबकडी-नियंत्रकांच्या अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे मागणी पुरी झाल्याची वर्दीच पोहोचत नसे. काम ठप्प असूनही टक्का शंभर दिसे. हा दोष मायक्रोसॉफ्टने स्वतः प्रसिद्ध केलेल्या टिपणात मान्य केला आहे. दिवा लागलेला असणे म्हणजे काम चालू असणे, हे समीकरण येथे पूर्णपणे मोडते.

मग या अखंड धावपळीने तबकडी लवकर मरते काय? वापरणाऱ्याची खरी चिंता हीच असते, कारण तिच्यावर त्याचे सारे लेखन असते. गूगलच्या पिन्हेरो, वेबर व बारोसो या तिघांनी २००७ मध्ये एक लक्षाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी नव्या व अगदी जुन्या तबकड्या सोडल्यास अधिक वापर व अधिक बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा पुष्कळच क्षीण आढळला. उलट पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेल्या तबकडीस पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव ३९ पटींनी अधिक होता. आणि निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक तबकड्यांनी महत्त्वाच्या चारही लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. म्हणजे खरखर हे मृत्यूचे चिन्ह नव्हे आणि शांतता ही आरोग्याची हमी नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड-दापोलीकडील वीज दीर्घकाळ गेली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचीही हानी झाली. पाण्याखाली गेलेली तबकडी पूर्वी किती धावली होती, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती की नाही, एवढेच उरते.

शेवटी एका कारणाचा निर्देश अवश्य आहे. ते मराठीपुरते विशेष आहे व इंग्रजी ग्रंथांतून आढळणार नाही. आधुनिक प्रणाली रिकाम्या वेळी सर्व फायली वाचून त्यांतील शब्दांची सूची करतात, आणि अकारण वाटणाऱ्या हालचालीचा मोठा भाग या सूचीकरणाचा असतो. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी लेखन बहुतांशी अशा टंकांत झाले की, ज्यांत पडद्यावर देवनागरी दिसते व तबकडीवर मात्र रोमन अक्षरांचे संकेतांक असतात. १९९१ चा इस्की हा भारतीय मानक संकेत उपलब्ध होता. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा युनिकोड टंकही आला. तरी कचेऱ्या व छापखाने यांतून जुने टंक पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले. अशी फाइल सूचीयंत्रणेपुढे आली म्हणजे ती निष्ठेने उघडते, वाचते आणि अर्थहीन रोमन अक्षरगटांची नोंद करते. पुढे कोणी 'रत्नागिरी' हा शब्द शोधला, तर शेकडो फायलींत तो असूनही एकही हाती लागत नाही. तबकडी खरोखर राबलेली असते. दाणा मात्र एकही पडलेला नसतो. या फायली परिवर्तन करणाऱ्या कार्यक्रमांनी युनिकोडमध्ये आणता येतात. परिवर्तनानंतर त्या बदललेल्या ठरत असल्यामुळे सूचीयंत्रणा त्या सर्व पुन्हा पहिल्यापासून वाचू लागते, आणि संग्रह मोठा असल्यास त्या रात्री दिवा काही तास सतत पेटलेला राहतो.